सिनापाती आंटीची गस्त आणि माझा कोंबडा

सुरुवातीलाच कबूल करून टाकतो: कोंबडा माझा होता. ज्याच्यापायी आमच्या कुपौला वसाहतीचे दोन्ही टॉवर तीन आठवडे खवळले होते, ज्याला शोधायला रोज संध्याकाळी गस्त निघत होती, तो अकराव्या मजल्यावर माझ्या न्हाणीघरात, हॉटेलच्या जुन्या टॉवेलवर बसून आरामात भात खात होता. आणि त्याला शोधणाऱ्या गस्तीत नारिंगी जाकीट घालून, हातात बॅटरी घेऊन सगळ्यांच्या पुढे कोण चालत होतं? मीच. प्रिमितिवो लागमाय, वय वर्षं एकाहत्तर, वायकीकीच्या हॉटेलच्या धुलाईखात्यात एकतीस वर्षं नोकरी, एकही खाडा नाही. सगळे मला अंकल तिवो म्हणतात.

पण ही गोष्ट माझी नाही, सिनापाती आंटीची आहे. वयाने ती माझ्याहून सात वर्षांनी लहान. तरी तिला आंटी न म्हणण्याची हिंमत होनोलुलूच्या अख्ख्या कालिही वस्तीत मी कुणात पाहिलेली नाही.

ही बाई सामोआची, तुतुइला बेटावरची. तिथल्या कारखान्यात चौदा वर्षं तिने उभ्याने टूना मासा साफ करून डब्यात भरला. भावाची किडनी गेली तेव्हा त्याला घेऊन होनोलुलूला आली. भाऊ दोन वर्षांत गेला. ही परत जायला निघाली होती, पण शाळेच्या स्वयंपाकघरात एक जागा निघाली आणि सहाशे पोरांना जेवू घालता घालता बावीस वर्षं कशी सरली ते तिचं तिलाच कळलं नाही. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणते, "मला वेळ कुठे होता?"

गस्त कशी सुरू झाली तेही सांगतो, कारण मी तिथे होतो. नऊ वर्षांपूर्वी कुपौलात कायदा असा नव्हताच. जिन्यातले दिवे फुटलेले, लिफ्टमध्ये मुतलेलं, वरच्या मजल्यांवरून मोडकी खुर्ची, गादी, काय वाटेल ते खाली फेकायचं, कोण विचारतंय? एका रविवारी सिनापाती आंटी चर्चमधून येत होती. अंगावर पांढराशुभ्र पोशाख, डोक्यावर पांढरी टोपी, हातात नारळाच्या दुधात शिजवलेल्या पानांचं भांडं. आणि बाराव्या मजल्यावरून एक टीव्ही आला. तिच्यापासून दोन पावलांवर आदळला. काचा उडाल्या, कुत्री पळाली, मी गाड्यांमागे खाली बसलो. ही बाई हलली नाही. तिने वर पाहिलं, भांडं माझ्या हातात दिलं आणि जिना चढायला लागली. लिफ्ट तेव्हा बंद होती. बारा मजले! पंधरा मिनिटांनी ती टीव्ही फेकणाऱ्याला मनगटाला धरून खाली घेऊन आली. चांगला सहा फुटी बाप्या, दोन पोरांचा बाप, गप उभा राहून एकेक काच वेचत होता.

आता त्याचं काय करायचं, असं सगळ्यांनी विचारलं. वसाहतीच्या ऑफिसला कळवायचं? ऑफिस गुलाबी कागद काढतं. असे तीन कागद झाले की सुनावणी, आणि सुनावणी झाली की बहुतेकांचं घर जातं. आंटी म्हणाली, "कागद नको. पाच डबे पिसुपो."

पिसुपो म्हणजे डबाबंद खारवलेलं गोमांस. तिच्या गावात कुणी गावाचा नियम मोडला की पंचमंडळी त्याला दंड करतात तो खाण्याच्या जिनसांत. डुकरं, माशांचे डबे, पिसुपोच्या पेट्या. दंड भरला की विषय संपला, पुन्हा कुणी तोंडातून काढायचं नाही. तोच कायदा तिने कुपौलात आणला. दंडाचे डबे शुक्रवारी मोठ्या पातेल्यात जायचे, कांदा, कोबी, शेवया घालून, आणि खालच्या अंगणात सगळे जेवायचे. ज्याने दंड भरला तोही जेवायचा. किंबहुना त्याला पहिली वाढ मिळायची.

दुसरी गोष्ट शंखाची. तिच्या गावात संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी शंख वाजतो, रस्त्यावर तरुण माणसं ओळीने उभी राहतात आणि त्या दहा मिनिटांत रस्त्याने कुणी चालायचं नाही, गाडी हाकायची नाही. आंटी रोज संध्याकाळी सहाला तिसऱ्या मजल्याच्या कठड्याशी उभी राहून शंख फुंकते. त्या आवाजाने पहिल्यांदा माझ्या हातातली कॉफी सांडली होती. मी तावातावाने तक्रार करायला गेलो. तिने ऐकून घेतलं आणि एक नारिंगी जाकीट माझ्या अंगावर टाकलं. "ज्याला आवाजाचा एवढा त्रास होतो, त्याचा कान चांगला आहे. चल गस्तीला."

तेव्हापासून आम्ही तिघं. आंटी, मी आणि माझी शेजारीण पुआलानी, जिचं कानाचं यंत्र बहुतेक वेळ तिच्या टेबलावरच असतं. शंख झाला की तेरा मजले वरून खाली. रात्रीची गस्त नाही. आंटी म्हणते, अंधारात चोर पकडायला पोलीस आहेत, आपण उजेडातली माणसं सुधारायची. जिन्यात सिगारेट, दोन डबे. कॉरिडॉरमध्ये मोठ्याने गाणी, तीन डबे. वरून काही फेकलं, पाच. आणि खरं सांगतो, मला मजा यायची. निवृत्तीनंतर माणूस घरात नुसता घड्याळाकडे बघत बसतो. इथे मी रोज सहाची वाट पाहायचो. नऊ वर्षांत आमच्या गस्तीमुळे कुणाच्याही दारावर एक गुलाबी कागद लागला नाही. हाच आंटीचा सगळ्यात मोठा अभिमान होता.

मग कापितान आला.

माझा पुतण्या पश्चिमेला वायानाएला राहतो, कोंबडे पाळतो. आम्हा फिलिपिन्सच्या इलोकानो माणसांना कोंबड्याचं वेड असतं, ते लपवण्यात अर्थ नाही. त्याच्याकडे काही अडचण झाली. कसली ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. एक आठवडा सांभाळा म्हणाला. लाल-सोनेरी मान, काळी हिरवट शेपटी, आणि तोरा असा की जणू हॉटेलचा मालकच पाहणीला आलाय. मी त्याला न्हाणीघरात ठेवला. एका आठवड्याचे तीन झाले. पुतण्याने दोनदा फोन करून परत मागितला, मी दोनदा काहीतरी सबब सांगितली. पहाटे तो आरवला की मला वाटायचं, मी बारा वर्षांचा आहे आणि गावात आहे. आता हसा.

कुपौलात कोंबडा म्हणजे सगळ्यात मोठा गुन्हा. नियमावलीत पहिल्या पानावर आहे. आणि कोंबडा पहाटेच आरवतो असं ज्याने सांगितलं त्याने कोंबडा पाळलेला नसणार. कापितान पहाटे आरवायचा, दुपारी आरवायचा, लिफ्टची घंटी वाजली की तिला उत्तर द्यायचा. पण माझं नशीब बघा. माझ्या न्हाणीघराची भिंत कचऱ्याच्या नळीला लागून आहे. ही नळी तेराव्यापासून तळापर्यंत सरळ जाते, प्रत्येक मजल्यावर तिला एक लोखंडी झडप. भिंतीत जुन्या पाइपचं एक भोक राहिलं होतं. कापितानचा आवाज त्या भोकातून नळीत जायचा आणि जिथे झडप नीट लागत नव्हती तिथून बाहेर पडायचा. अशी झडप एकच होती. सातव्या मजल्यावर, केर्लिनच्या दाराशेजारी.

केर्लिन चूक नावाच्या बेटांवरची. नवरा लांब पल्ल्याच्या मासेमारी बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात. ही विमानतळावर साफसफाई करते, चार पोरं आणि सासूला सांभाळते. बोलणं कमी, तेही हळू. त्या मोडक्या झडपेतून माश्या आणि वास घरात येतो म्हणून तिने आंटीला तीनदा सांगितलं होतं. आंटी दर वेळी "बघते" म्हणाली होती आणि दर वेळी दुसरंच काही निघालं होतं. केर्लिनच्या नावावर ऑफिसच्या तपासणीत आधीच दोन गुलाबी कागद होते. पहिला, चुलत सासरा वारला तेव्हा बावीस नातेवाईक नऊ दिवस घरात राहिले म्हणून. दुसरा, माशांची पेटी कॉरिडॉरमध्ये ठेवली म्हणून.

त्यातच ऑफिसात नव्या मॅनेजर आल्या, मिस नाकासोने. वाईट बाई नाही, पण तिला सगळं कागदावर लागतं. शेजारच्या वृद्धाश्रमातून कोंबड्याच्या अकरा तक्रारी आल्या होत्या. तिने आंटीला बोलावून सांगितलं की शुक्रवारपर्यंत कोंबड्याचा घर नंबर लेखी द्या, नाहीतर रहिवाशांची गस्त बंद आणि बाहेरच्या कंपनीचे पहारेकरी येतील. ते पिसुपो घेत नाहीत. ते प्रत्येक गोष्टीला कागद लावतात. आंटी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पडला होता. मी सोबत होतो. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "सापडेल की, आंटी. जातो कुठे."

काय ते तीन दिवस होते! खोटं कशाला बोलू, चोरटेपणाने का होईना, पण मला इतकं चढलं होतं की जेवण सुचत नव्हतं. शंख झाला की आम्ही धावतच सुटायचो. आंटी पुढे, पायात सपाता, कमरेला लुंगीसारखा फुलाफुलांचा लावालावा खोचलेला. मागे मी. त्याच्या मागे पुआलानी, "कुठे, कुठे?" करत, तिला काहीच ऐकू येत नव्हतं. वर गेलो की आवाज खाली, खाली गेलो की आवाज पुन्हा वर. पोरं जिन्यात बसून पैजा लावत होती. एक म्हातारा म्हणाला, हा कोंबडा नाहीच, भूत आहे. दुसऱ्याने दारात मीठ टाकलं.

गुरुवारी आम्ही सातव्यावर होतो आणि कापितान आरवला. असा खणखणीत, की झडप थरथरली. आंटी जागच्या जागी थांबली. आवाज समोरून आला होता, केर्लिनच्या दाराजवळून. तिच्या पोरांनी तीन आठवडे हाच आवाज ऐकला होता, त्यांनी आतून तस्साच आवाज काढून दाखवला आणि पोरं खिदळली. आंटीने माझ्याकडे वळून विचारलं, "तिवो, तुझा कान चांगला आहे. इथूनच ना?"

चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. माझ्या मनात लख्ख ऊन पडलं होतं. एक शब्द बोललो असतो तर सगळं तिथेच मिटलं असतं.

"इथूनच," मी म्हणालो.

केर्लिनने दार उघडलं. कोंबडा नाही म्हणाली. आंटीने नेहमीसारखं समजावून सांगितलं की कोंबडा उद्यापर्यंत बाहेर घालव, दहा डबे पिसुपो दे, ऑफिसला नाव जाणार नाही. केर्लिनने मान खाली घातली, पण दंड कबूल केला नाही. म्हणाली, "आंटी, जे माझं नाही त्याचा दंड मी कशी देऊ?" नऊ वर्षांत आंटीला असं कुणी म्हणालं नव्हतं. कॉरिडॉरमध्ये पंधरा-वीस माणसं जमली होती. आंटीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आत जाऊन बघू का, एवढंही तिने विचारलं नाही. आपला शब्द खाली पडला, हेच तिला लागलं. शुक्रवारी सकाळी तिने ऑफिसच्या कागदावर लिहिलं: सात-चौदा.

शनिवारी केर्लिनच्या दारावर तिसरा गुलाबी कागद लागला. सुनावणी सोमवारी सकाळी नऊला.

मी त्या मजल्यावरून मुद्दामच गेलो. खाई त्याला खवखवे. केर्लिनने मला पाहिलं आणि म्हणाली, "अंकल, एवढं वाचून द्याल का? सासूबाई विचारतायत, किती दिवस आहेत." मी वाचून दिलं. घरात अर्धी भांडी खोक्यांत गेली होती. तिची धाकटी भाताच्या कुकरवर चिकटपट्टी लावत होती. कुपौलात येण्याआधी हे सगळे अकरा महिने पुलाखाली तंबूत होते, हे मला त्या दिवशी कळलं. तिने ते रडगाणं म्हणून सांगितलं नाही. फक्त म्हणाली की या वेळी तंबू आधीच बघून ठेवलाय, म्हणजे पोरांची शाळा बुडणार नाही. मग तिने मला बसायला लावलं आणि तळलेला मासा दिला. मी तो खाल्ला. अजूनही त्या माशाची चव तोंडात आली की मला स्वतःची किळस येते.

रविवारी दुपारपर्यंत मी घरात येरझाऱ्या घातल्या. शेवटी कापितानला काखेत मारला आणि निघालो. लिफ्टमध्ये घंटी वाजली आणि तो आरवला. लिफ्टमध्ये चौघे होते. पाचव्या मजल्यावर सगळेच उतरले, आणि मी तिसऱ्यावर पोचेपर्यंत बातमी माझ्या आधी पोचली होती. आंटी दारातच उभी होती, अजून चर्चच्या पांढऱ्या पोशाखात. मी सगळं सांगितलं. भोक, नळी, झडप, आणि ते "इथूनच."

मला वाटलं, ती मारेल. तिच्या हाताचा एक फटका माझ्या वयाला पुरेसा होता. ती खाली बसली.

"तू कोंबडा लपवलास," ती म्हणाली. "मी नाव लिहिलं. घर माझ्या अक्षराने जातंय, तिवो."

ऑफिस सोमवारी नऊलाच उघडणार होतं. मी म्हणालो, उद्या जाऊन सांगू, नाव खोडून घेऊ. तिने मान हलवली. "ते ऑफिसचं झालं. तिचं काय? वीस माणसांसमोर मी तिला खोटी ठरवलीय." तिने पलंगावरची गादी उचलली आणि खालून एक चटई काढली. केवड्याच्या पातीची, पण कापडासारखी मऊ, कडेला लाल पिसांची झालर. आईने आजीकडून घेतलेली, आजीने तिच्या आईकडून. नऊ वर्षांत तिने ती कुणाला दाखवली नव्हती. त्यांच्यात मोठा अपराध झाला की अपराधी अशी चटई डोक्यावरून पांघरून पहाटे समोरच्याच्या दारात जाऊन बसतो. काही बोलायचं नाही. दार उघडून समोरच्याने चटई उचलली तर माफी. नाही उचलली तर बसून राहायचं, दिवस उलटला तरी. पूर्वी कधीकधी दार उघडायचं ते कोयता घेऊनच, असंही ती म्हणाली. मी विचारलं, "मीही बसू?" ती म्हणाली, "नाहीतर काय मी एकटी बसणार?"

सोमवारी, फटफटायच्या आधी, आम्ही दोघं सातव्यावर केर्लिनच्या दारासमोर मांडी घालून बसलो. मी पंधरा वर्षांत मांडी घातलेली नव्हती, गुडघे कुरकुरले. मांडीत कापितान. आंटीने चटई आमच्या दोघांवर ओढली. आत काळोख, नारळाच्या तेलाचा वास, आणि तिचा श्वास. मला भीती कोयत्याची नव्हती. ती दारच उघडणार नाही, असं वाटत होतं. आंटी पुटपुटत प्रार्थना म्हणत होती. मीही माझी म्हटली.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. कापितान चटईखाली, दोन माणसांमध्ये, माझ्या हाताच्या पकडीत, आयुष्यात कधी आरवला नसेल असा आरवला. एकदा, दोनदा, तीनदा. कॉरिडॉरमधली दारं धाडधाड उघडली. पावलं, कुजबुज, कुणीतरी हसलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. मग अगदी समोरची कडी वाजली.

मी डोळे मिटून घेतले. आता चटई उचलली जाईल, किंवा दार बंद होईल. दोन्ही झालं नाही. काहीच होईना. डोळे उघडले, तर चटईखालून मला केर्लिनचे अनवाणी पाय दिसत होते. तिला ही रीत कुठून माहीत असणार? तिला दिसत होतं ते एवढंच: पिसांची झालर असलेली एक चटई, तिच्या दारात, आतून कोंबडा आरवतोय आणि खालून माझ्या हॉटेलच्या जुन्या सपाता बाहेर आल्यात. आणि तिच्या बेटाची रीत अशी की वयाने मोठा पुरुष जमिनीवर बसला असेल तर बाईने त्याच्यासमोर ताठ उभं राहायचं नाही, त्याच्याहून खाली व्हायचं. ते पाय मागे सरले. मग गुडघे टेकलेले दिसले. मग दोन हात. ती रांगत पुढे आली, चटईची कड जराशी वर केली आणि सरळ आत शिरली.

आता आम्ही तिघं आत होतो. चौथा कापितान.

"अंकल," तिने अगदी हळू विचारलं, "चक्कर आलीय का तुम्हाला?"

आंटीच बोलली. मान वर न करता, एकही सबब न सांगता, सगळं. शेवटी म्हणाली, "मी तुला खोटी ठरवलं. तू खरी होतीस. तुझ्या दारात बसलेय, तू सांगशील तो दंड."

केर्लिनने कापितानच्या मानेवरून एक बोट फिरवलं. बाहेर अख्खा मजला उभा होता.

"पोरांना मी सांगून टाकलं होतं की आपण जाणार," ती म्हणाली. "थोरली दोन दिवस माझ्याशी बोलत नाहीये. तिला वाटतं, कोंबडा मी आणला." मग, "पिसुपो नको, आंटी. झडप दुरुस्त करा. मी तीनदा सांगितलं होतं."

आंटीचा सगळा देह हलला. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं ते तेव्हाच, आणि तेही अंधारात, म्हणजे पाहिलं असं नाही म्हणता यायचं. चटई शेवटी आम्ही तिघांनी मिळूनच वर केली. कुणी कुणाची उचलली ते सामोआच्या पंचांनाही ठरवता आलं नसतं.

नऊ वाजता ऑफिसात शिरलो तेव्हा मागे पन्नासेक माणसं होती, केर्लिनची सासू खुर्चीसकट उचलून आणलेली. मी कापितानला मिस नाकासोनेच्या टेबलावर ठेवला. त्याने तिच्या कागदांवर जे करायचं ते केलं. केर्लिनचा कागद तिने तिथेच रद्द केला आणि माझ्या नावाचा पहिला लिहिला. आंटीने पेन मागून घेतलं आणि खाली स्वतःच्या हाताने आणखी एक ओळ लिहिली: तीन-दोन, सिनापाती, न बघता नाव दिलं. मिस नाकासोने म्हणाली, असा नियम पुस्तकात नाही. आंटी म्हणाली, मग पुस्तकात घाला. गस्त बंद करायची की नाही, ते मॅनेजरबाईंनी अजून सांगितलेलं नाही. आम्ही विचारलेलंही नाही. शंख सहाला वाजतोच.

कापितान त्याच दिवशी वायानाएला गेला. झडप दुरुस्त करायला आंटी स्वतः बसली, हातात पाना, तोंडात स्क्रू. मिस्त्रीला तिने हात लावू दिला नाही. न्हाणीघरातलं भोक मी सिमेंटने बुजवलं.

गस्तीत आता आम्ही चौघं आहोत. चौथं नारिंगी जाकीट केर्लिनच्या अंगावर आहे, तिला दोन मापं मोठं. आंटी वाटेत कुणाचंही नाव कागदावर घ्यायचं झालं तर आधी दार ठोठावते आणि आत जाऊन बघते. सातव्यावर पोचलो की केर्लिन थांबते. झडप उघडते, बंद करते, पुन्हा एकदा उघडते, बंद करते. लोखंड नीट बसल्याचा आवाज येतो. मग ती माझ्याकडे वळून विचारते, "अंकल, तुमचा कान चांगला आहे. काही ऐकू येतंय?"

"नाही," मी म्हणतो.

आणि रोज संध्याकाळी ते खरं असतं.